झालंबाई

आमच्या गल्लीत माझ्या आत्याला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. सगळे तिला झालंबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, कारण ती नाकावर माशी बसू देत नाही. पण पाठीमागे सर्रास. मला याचा राग यायचा, तिला कधीच आला नाही. "नावं ठेवू दे गं," ती म्हणायची, "फोटो काढायला माझ्याकडेच येतात ना?"

येतातच. चपलांच्या दुकानावरचा अरुंद जिना चढून गेलं की तिचा स्टुडिओ. एक लांबट खोली, उत्तरेकडे मोठी खिडकी, खिडकीपाशी बिनपाठीचं लाकडी स्टूल आणि स्टुलाच्या पलीकडे पांढरं कापड ताणलेली एक उंच चौकट, चेहऱ्याची दुसरी बाजू काळीठिक्कर पडू नये म्हणून. स्टूल आणि चौकट दोन्ही माझ्या बाबांनी केलेली. बाबा सुतार, आणि आत्याचे थोरले भाऊ. मागे जाड पडदा, पडद्यामागे अंधारखोली. भिंतीवर गावातली माणसं, सगळी काळ्या-पांढऱ्यात. रंगीत फोटो आत्याने आयुष्यात काढला नाही. ती म्हणायची, रंग आला की लोक कपडे बघतात. लग्नही तिने केलं नाही. कुणी भोचकपणे कारण विचारलंच तर "उजेड बरा नव्हता" एवढंच सांगून दुसऱ्या कामाला लागायची.

तिचा कॅमेरा दोन भिंगांचा. वरच्या भिंगातून ती बघायची, खालच्या भिंगातून फोटो निघायचा. खालच्या भिंगाचं मूळ झाकण कधीतरी हरवलं, तेव्हा बाबांनी तिला लाकडाचं कातून दिलं. आणि या झाकणातच तिची सगळी विद्या होती.

फोटो काढायचा म्हटलं की माणूस स्वतःचा चेहरा घरी ठेवून येतो, असं तिचं ठाम मत. येताना तो कुणाचा तरी मागून आणलेला चेहरा लावून येतो. कुणी साहेबाचा, कुणी देखण्या चुलतभावाचा. त्या उसन्या चेहऱ्यावर रोल कशाला खर्च करायचा? म्हणून ती झाकण न काढताच पहिला खटका दाबायची. खटका वाजला की मान वर करून म्हणायची, "झालं." मग रुमाल काढून भिंग पुसल्यासारखं करायची, तेवढ्यात झाकण रुमालात यायचं. समोरचा माणूस "सुटलो बाबा" म्हणून श्वास सोडायचा, खांदे खाली टाकायचा, आणि घरी ठेवलेला चेहरा धावत परत यायचा. तेव्हा खरा खटका. पुष्कळांना तो ऐकूही जायचा नाही.

आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोटो मी अजून विसरलेले नाही. अख्खी शाळा त्यांना चळाचळा कापायची. "झालं" ऐकल्यावर त्यांनी सुजलेला पाय बुटातून बाहेर काढला आणि डोळे मिटून एक हुश्श केलं. फोटोत पाय नाही, नुसता चेहरा आहे. पण तो फोटो बघितल्यापासून मला त्यांची भीती वाटेनाशी झाली. एक नवरा-बायको जिन्यातच कडाक्याचं भांडून वर आले होते. "झालं" म्हटल्यावर नवऱ्याने बायकोच्या खांद्यावरचा दोरा उचलला. आत्याने नेमकं तेच टिपलं. ते जोडपं पुढे कितीही भांडलं तरी तो फोटो भिंतीवरून उतरला नाही, असं बायकोनेच मला सांगितलं.

बरं, फोटो काढून तिचं काम संपायचं नाही. अंधारखोलीत लाल दिव्याखाली कागद डेव्हलपरच्या रसायनात बुडवला की चित्र हळूहळू वर येतं. आत्या तिथे वाकून बसायची. डोळे फिके राहतायत असं वाटलं की कागदाचा तेवढाच भाग रसायनाबाहेर धरून दोन बोटांनी हलकेच चोळायची. बोटांच्या उबेने तेवढ्या जागेचं काम पुढे सरकतं, डोळ्यांत बारकावे उतरतात. याला ती "डोळे उघडणं" म्हणायची. मी तिला हे करताना पाहिलंय, आणि खोटं कशाला बोलू, त्या वेळी तिच्याकडे बघताना मला आपण काहीच शिकलो नाही असं वाटायचं.

पण डेव्हलपर म्हणजे काही गुलाबपाणी नव्हे. आधी बोटांच्या पेरांना खाज आली, मग साल निघायला लागली, मग भेगा पडल्या. माझं औषधाचं दुकान आहे. मी मलमं देत राहिले, ती लावत राहिली, आणि लावून पुन्हा तिथेच हात बुडवत राहिली. पालथ्या घड्यावर पाणी. हातमोजे दिले तर म्हणाली, "हातमोजे घालून कुणी बाळाला आंघोळ घालतं का?" शेवटी मी तिला ओढत त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हात उलटसुलट करून बघितले आणि म्हणाले, "बाई, हात हवेत की फोटो?"

"तुम्हाला मधलं काही येत नाही का?" आत्याने विचारलं.

मधलं म्हणजे डिजिटल. कॅमेरा मीच आणला, त्याला जोडायला मोठा स्क्रीनही आणला. घरात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. आत्या तो कॅमेरा खिडकीतून फेकणार, अशी बाबांनी पैजच लावली होती. मला तिच्या स्वभावाची धास्ती होती, पण इथेच तिने मला चकित केलं. तिने कॅमेऱ्याला शिव्या दिल्या नाहीत. सुरुवातीला एवढंच म्हणाली, "आधी रंगीत काढायचा आणि मग काळा-पांढरा करायचा? म्हणजे आधी वरात काढायची आणि मग नवरा शोधायचा." मी स्क्रीनवर पहिल्यापासूनच काळं-पांढरं दिसेल अशी सोय करून दिली. मग तिने गल्लीतल्या न्हाव्याला स्टुलावर बसवलं, त्याच उजेडात जुन्या कॅमेऱ्याने एक आणि नव्याने एक फोटो काढला, दोन्हींचे सारख्या आकाराचे प्रिंट करून शेजारी शेजारी लावले. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागली, यातला कुठला चांगला. निम्मे हा म्हणाले, निम्मे तो. न्हावी म्हणाला, दोन्हींत माझं नाक मोठं आलंय.

आत्याला मात्र फरक दिसत होता. फिल्मच्या फोटोत कोटाचा काळा आणि केसांचा काळा वेगळे होते. नव्यात ते थोडे एकमेकांत शिरले होते. फिल्ममध्ये गालावर रव्यासारखे बारीक कण होते. नव्यात गाल पुसून घेतल्यासारखा. तिने मग उजेड बदलला, खिडकीला पातळ कापड लावलं, स्क्रीनशी झटापट केली, आणि पावसाळा संपेपर्यंत तो काळाही जागेवर आणला. एखादीने रडत बसून दिवस काढले असते. ही बाई उतारवयात, सोललेल्या बोटांनी, नव्याने मुळाक्षरं गिरवत होती. मला तिचा फार अभिमान वाटला आणि तसं मी तिला सांगितलं. "लाडीगोडी नको," ती म्हणाली, "त्या यंत्राचं ते बारीक बटण कुठलं ते सांग."

घोडं अडलं ते वेगळ्याच जागी. एक दिवस ती थकून स्टुलावरच बसली आणि म्हणाली, "कॅमेरा चांगला आहे गं. माणसं बिघडली त्याच्यामुळे."

झालं होतं ते असं. आता "झालं" म्हटलं की कुणी श्वास सोडत नव्हतं. टुणकन उठायचे आणि "दाखवा" म्हणत कॅमेऱ्यामागे यायचे. स्वतःला बघायचे, नाक मुरडायचे, मान तिरकी करून पुन्हा बसायचे, आणि या वेळी चेहरा आधीपेक्षा जास्त उसना. तिचं सगळं शास्त्र एका शब्दावर उभं होतं आणि त्या शब्दाची पत गेली होती. फोटो स्वच्छ यायचे, काळा काळाच यायचा, आणि माणूस कुणीच नसायचा. त्या दिवसांत तिने भिंतीवर एकही नवा फोटो लावला नाही.

त्याच सुमारास बाबांच्या डाव्या जबड्यात गाठ निघाली.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. जबड्याच्या हाडाचा तुकडा काढावा लागेल. जीव वाचेल, पण गाल आत जाईल, तोंड एका बाजूला ओढलं जाईल, बोलणं पहिल्यासारखं राहणार नाही. ऑपरेशनची तारीख मिळाली. आई देवघरात जाऊन बसली, मी दुकानात जाऊन बसले. आत्या आमच्या घरी आली आणि बाबांसमोर उभी राहिली.

"दादा, रविवारी सकाळी स्टुडिओत ये. तुझा फोटो काढायचाय."

"का? भिंतीवर टांगायची घाई झाली का?"

"मला पाहिजे," आत्या म्हणाली. "सगळ्या गावाचे चेहरे माझ्याकडे आहेत आणि सख्ख्या भावाचा नाही."

हे खरं होतं. बाबांचे फोटो होते, पण ते बाबांचे नव्हते. लग्नातल्या फोटोत आईशेजारी कुणीतरी दार उभं करून ठेवल्यासारखे दिसतात. आत्याच्या पहिल्या रोलवरचं पहिलं गिऱ्हाईक तेच होते, तेव्हाही तसेच. पुढे तर इलाजच उरला नाही, कारण झाकण त्यांनी स्वतः कातलेलं. पहिला खटका खोटा आणि "झालं" म्हणजे अजून व्हायचंय, हे गावात माहीत असलेला तो एकच माणूस. आत्या भिंग पुसायला लागली की ते आणखी ताठ व्हायचे. घरातही ते तसेच. आम्ही पोरं त्यांच्या पावलांच्या आवाजाने ओळीत बसायचो. वाईट कधी वागले नाहीत, पण हसताना फार थोड्यांनी बघितलेले.

रविवारी मी त्यांना घेऊन गेले. उजेड सुरेख होता. बाबा स्टुलावर बसले, आधी वाकून स्टुलाचा पाय हलतोय का ते बघितलं, मग ताठ झाले. आत्याने नवा कॅमेरा लावला. पहिला फोटो निघाला. "झालं," ती सवयीने म्हणाली.

"कुणाला सांगतेस, चिमे?" बाबा म्हणाले. ओठ सोडून चेहऱ्यावरचं काही हललं नाही.

तिने आणखी काढले. मला गाण्याबद्दल, लाकडाबद्दल, आजीबद्दल बोलायला लावलं. बाबा उत्तरं देत होते आणि चेहऱ्याचं दार बंदच होतं. आत्याच्या कपाळावर घाम आला. दुसरा रविवार मिळणार नव्हता, हे तिघांनाही ठाऊक होतं. ती खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. मला वाटलं, हरली.

मग ती वळली, तो मोठा स्क्रीन टेबलासकट ढकलत कॅमेऱ्याच्या शेजारी आणला आणि बाबांकडे फिरवला. "तुला ती झाकणाची युक्ती माहीत आहे ना? मग हे बघ. हा तू."

बाबांनी बघितलं. स्वतःचा एवढा मोठा चेहरा त्यांनी कधी पाहिला नसावा. दाढी करताना माणूस गाल बघतो, चेहरा बघत नाही. सुतार वाकडी फळी बघतो तसं डोळा बारीक करून बघत राहिले.

"मी असा दिसतो?" त्यांनी विचारलं.

"असाच दिसतोस," आत्या म्हणाली. ती कॅमेऱ्याच्या बाजूला नुसती उभी होती, हात मागे बांधून.

बाबांनी मान फिरवून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही पोरं मला घाबरायचात का गं?"

असा प्रश्न त्यांनी मला जन्मात विचारला नव्हता. मला काही गोडगोड सुचलं नाही. "घाबरायचो म्हणजे काय," मी म्हटलं, "मी अजून घाबरते. परवा तुमची सूपची वाटी फुटली ना, तिचे तुकडे मी शेजाऱ्यांच्या डब्यात टाकले."

बाबा हसले. आधी नाकातून, मग खांद्यांतून. हसताना हात जबड्याकडे गेला, दुखलं असावं, पण हात तिथे न थांबता खाली आला, आणि ते माझ्याकडे बघतच राहिले. डोळ्यांत पाणी होतं. ओठ काहीतरी बोलायला उघडलेले.

"मग काढतेस का नाही?" त्यांनी थोड्या वेळाने बहिणीला विचारलं.

"काढला," आत्या म्हणाली. पाठीमागे बांधलेल्या तिच्या हातात कॅमेऱ्याच्या वायरचं बटण होतं. नव्या कॅमेऱ्याला खटक्याचा आवाज नाही म्हणून तिने एरवी किती कुरकुर केली होती.

छपाईवाल्याने तो फोटो बघून गाठ पुसून देऊ का, असं विचारलं. एका मिनिटाचं काम, म्हणाला. आत्याने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मिनिटाचा हिशेब तिथेच सोडला.

ऑपरेशन नीट झालं. जीव वाचला. डॉक्टरांनी सांगितलेलं बाकीचंही तंतोतंत खरं झालं. बाबा घरी आले ते गळ्याभोवती पंचा गुंडाळून, आणि तो पंचा ते नाकापर्यंत ओढून बसायचे. त्यांच्या सुतारकामाच्या कारखान्याकडे फिरकेनात. आईने हौसेने तो हसरा फोटो बैठकीत लावला होता. भेटायला येणारे आधी फोटोकडे बघायचे, "वा" म्हणायचे, मग बाबांकडे बघायचे आणि चपला शोधायला लागायचे. आम्हाला हे उशिरा लक्षात आलं. बाबांना पहिल्याच दिवशी आलं होतं. एका संध्याकाळी ते अडखळत, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "तो... माणूस... काढा तिथून."

मी आत्याला सांगितलं. आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो, आणि तोच भावाला टोचत होता. दुसऱ्या दिवशी ती आली, खुर्चीवर चढली, फोटो स्वतः उतरवला आणि उलटा करून कपाटामागे ठेवला. मग बाबांच्या समोर बसली.

"रविवारी ये."

बाबांनी पंच्याकडे बोट दाखवलं.

"त्याच्यासकट ये. पंचा तिथे काढ." मग तिने खुर्ची जवळ ओढली. "दादा, एक चेहरा ठेवून घेतला आणि दुसरा घेतला नाही, ही माझी चूक झाली. मला सुधारू दे."

बाबांनी पंच्याचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं. शेवटी म्हणाले, "नवा कॅमेरा... नको. जुना. लगेच... बघायचं नाही मला."

मी आत्याकडे बघितलं, आत्याने माझ्याकडे. फिल्म म्हणजे डेव्हलपर. माझ्या दुकानातली अर्धी मलमं तिच्या हातांवर खर्ची पडली होती आणि कुठे आता त्वचा धरू लागली होती. मी तोंड उघडलं. "मूग गीळ," ती म्हणाली, आणि मी गिळले.

त्या रविवारी तिने लाकडी झाकण सगळ्यात आधी काढून बाबांच्या हातात दिलं. कसली युक्ती केली नाही. बाबांनी पंचा सोडला, घडी करून मांडीवर ठेवला, आणि भिंगाकडे सरळ बघितलं. ताठ बसले होते, पण या वेळी दार बंद नव्हतं. खचलेला गाल, ओढलेला ओठ, टाक्यांची रेघ, सगळं त्या उत्तरेच्या उजेडात. आत्याने एकदाच खटका दाबला. तो ऐकू आला.

अंधारखोलीत मी शेजारी होते. रोल धुताना तिने माझे हातमोजे घातले, कागद बुडवतानाही घातले. चित्र वर आलं, आणि डोळे फिके राहिले. तिने उजव्या हाताचा मोजा काढला. मी दुसरीकडे बघितलं.

प्रिंट वाळायला, मग दाबून सरळ व्हायला वेळ गेला. तेवढे दिवस बाबांनी चौकशी केली नाही, पण दारावर कुणी आलं की मान वर व्हायची. आत्या तो फोटो बाजारातल्या चौकटीत घालून घेऊन आली. बाबांच्या मांडीवर ठेवला आणि स्वतः दाराला टेकून उभी राहिली, सोललेली बोटं पदराखाली लपवून.

बाबांनी फोटो जवळ घेतला. लांब धरला. पुन्हा जवळ घेतला. बोट गालाच्या खळग्यावरून फिरवलं, मग काचेवरून खाली, चौकटीच्या कोपऱ्यापर्यंत. तिथे बोट थांबलं.

"हा सांधा... कुणी केलाय?" ते म्हणाले. "उघडलाय. बघ."

आत्या जवळ आली. "बाजारातून आणलीय, दादा."

"दिसतंय." बाबांनी नखाने कोपरा खरवडला, चौकट उलटी केली, मागचे खिळे बघितले आणि मान हलवली. मग माझ्याकडे हात पुढे केला. "टेप दे."

मी टेप दिली. त्यांनी फोटो दोन्हीकडून मोजला आणि उठले. पंचा खुर्चीवरच राहिला. "रुंद पट्टी लागेल याला," दारातून म्हणाले, "सागाची असेल थोडी," आणि चपला घालून कारखान्याकडे निघाले. रस्त्यावर उजेड होता, माणसं होती. आत्या खिडकीत उभी राहून ते वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली, आणि मग पदर तोंडाला लावून मोठ्याने रडली.